चौथा गडी

वायाळ सरांच्या घरी खेळ होते एकोणसाठ आणि ते खेळायला माणसं दोन. एक पठाण सर, ज्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. दुसरी मी, जी दर वेळी नाही म्हणायची, पण ते सरांना ऐकू जायचं नाही. स्वतः सर धरले तर तीन. खेळ म्हणजे बैठे खेळ. पट, फासे, सोंगट्या, पत्ते, लाकडाची घरं, पुठ्ठ्याची बेटं. या खेळांची खोकी जगात कुठेही छापलेली असोत, त्यांच्यावर टेबलाभोवती चार हसरी माणसं काढलेली असतात. तो चौथा हसरा माणूस अख्ख्या घनसावंगी तालुक्यात मिळेना. सरांची निम्मी हयात त्याला शोधण्यात गेली.

तसा चौथा गडी फार लांब राहत नव्हता. सरांचा थोरला भाऊ भगवानदादा त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. लहानपणी दोघं भाऊ चिंचोके फोडून त्यांचे फासे करायचे आणि ओट्यावर चल्लसचा पट मांडून खेळायचे. सुमनवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगायच्या की त्यांचं लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा दोघं मिशीवाले भाऊ फासे पडले कसे यावरून भांडत होते आणि नव्या नवरीला ओलांडून जायला जागा नव्हती. पुढे वडील गेले, वाटण्या झाल्या, आणि दोघांच्या रानामधला बांध कोरला कुणी यावरून बिनसलं. सर म्हणत, दादाच्या नांगरानं दरसाल बोटभर खाल्ला. दादा म्हणे, मास्तरच्या बटईदारानं खाल्ला. सरकारी मोजणी दोनदा झाली. पहिली सरांनी मानली नाही, दुसरी दादानं. बांध आता इतकाच उरला होता की त्यावरून कोंबडीला जायचं तरी एकेक पाय जपून टाकावा लागला असता. पण त्या बांधापायी दोघं सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे. उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशात एक पेन आणि चार फासे. माणसांकडे बघायची त्यांची पद्धत वेगळी होती. आपण माणूस बघितला की त्याचं नाव, गाव, जमलंच तर जात आठवतो. सर फक्त मोजायचे. तीन असले तर चेहरा पडायचा, चार असले तर खुलायचा, पाच असले तर एकाला कसं कटवावं याचा विचार सुरू व्हायचा. काळी-पिवळी जीपमध्ये चौदाजण कोंबलेले असतानाही मी त्यांना हळूच मागं वळून आकडा घेताना पाहिलंय.

त्यांचं एक वाक्य होतं. “नियम सोप्पाय, मॅडम. बिलकुल सोप्पाय.” हे ऐकलं की पठाण सर निमूटपणे घरी फोन लावून जेवायला वाट पाहू नका म्हणायचे. नियम सांगताना सर उभे राहत. आधी खेळाचा इतिहास, मग खेळ काढणाऱ्या जर्मन माणसाचा स्वभाव, मग त्या माणसाचं कुठं चुकलं, आणि मग नियम. जर्मनीला ते कधी गेले नव्हते. पण बोलायचे असे की जणू परवाच तिथून मोसंबीची गाडी खाली करून आल्ते. खेळताना चिवडा चालत नसे, भजी चालत नसत, शेंगा तर नावालाही नाहीत. प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं कव्हर. स्वतःच्या पासबुकाला नव्हतं, पण पत्त्याला होतं. खेळायच्या आधी हात धुवायचे आणि पुसायचे. आमच्या शाळेतल्या एका सरांनी एकदा ओल्या हातानं सोंगटी उचलली, तर वायाळ सर त्यांच्याशी आठ दिवस फक्त कामापुरतं बोलत होते.

स्टाफरूममध्ये त्यांनी सुरुवातीला खूप प्रयत्न केले. एक खेळ आणला होता, त्यात कुणी कुणाच्या विरुद्ध नसतं. गावाला पूर येतोय, सगळ्यांनी मिळून गाव वाचवायचं. वाचलं तर सगळे जिंकले, बुडालं तर सगळे हरले. सरांना वाटलं, शिक्षकांना हा आवडेल. आमच्या मुख्याध्यापकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पण हे काम करायचा लेखी आदेश हाय का?” मग पूरनियंत्रणाचा प्रमुख सेवाज्येष्ठतेनं नेमायचा की विषयवार, यावर चर्चा झाली. चौथ्या फेरीत गाव बुडालं. कुणी एक पोतंसुद्धा हलवलं नव्हतं, मात्र कुणामुळे बुडालं हे सगळ्यांना बरोबर ठाऊक होतं.

दुसरा एक त्यांचा त्या काळातला लाडका खेळ. त्यात आपल्या हातातली पानं आपल्याला दिसत नाहीत, उलटी धरायची. दुसऱ्यांची मात्र सगळी दिसतात. जगभर लोकांना हा खेळ शिकायला म्हणे अर्धा तास लागतो. आमच्या स्टाफरूमला दोन मिनिटंही लागली नाहीत. आमच्याकडे सगळा कारभार मुळात तसाच चालतो.

पण असे डाव एक-दोनदाच झाले. नंतर लोक सरांना येताना पाहून वह्या तपासायला घ्यायचे. मुलांच्या वह्या इतक्या वेळेवर आमच्या शाळेत त्याआधी कधी तपासल्या गेल्या नव्हत्या, हे श्रेय सरांना द्यायलाच हवं.

मग सर बाहेर शोधू लागले. लग्नात, दवाखान्याच्या बाकड्यावर, बँकेच्या रांगेत. एकदा गावातल्या एका म्हाताऱ्यांच्या दहाव्याला सगळे गोदावरीकाठी बसले होते. पिंड ठेवलेला, कावळा शिवेना. तास झाला. उन्हात माणसं घामाघूम. सरांच्या बाजूला बरोबर तिघं रिकामे बसलेले. सरांनी खिशातून पत्त्याची लहान डबी काढली आणि म्हणाले, “कावळा येईस्तोवर एक डाव? नियम सोप्पाय.” सुमनवहिनींनी बायकांतून डोळे वटारले, पण उपयोग नव्हता. त्या तिघांत गेलेल्या म्हाताऱ्यांचा मुलगाच होता. बिचारा डोकं भादरून बसलेला, म्हणाला, “सांगा, मन तरी रमंल.” सरांनी सुरुवात केली. मधेच कावळा आला, शिवला, आंघोळी उरकल्या, लोक उठून जीपकडे निघाले. सर अजून जर्मन माणसाच्या स्वभावावरच होते.

सुट्टीत सर प्रवास करायचे. लोक वेरूळला लेणी बघायला जातात, पैठणला घाट बघायला. सर फरशी बघायला जायचे. जुन्या देवळांच्या ओट्यांवर, पायऱ्यांवर कुणीकुणी कधीकाळी खेळायला कोरलेले पट असतात. चौकटी, वाटोळ्या खळग्यांच्या ओळी. सर ते शोधायचे, खडूची पूड टाकून फोटो घ्यायचे. कर्नाटकात जाऊन आले, तेलंगणात जाऊन आले. देवाकडे पाठ, कंबर वाकलेली, डोळे जमिनीला. जांब समर्थला पुजाऱ्यानं त्यांना विचारलं होतं, “काही पडलं का तुमचं?” सुमनवहिनी प्रत्येक प्रवासात सोबत असायच्या. एकदा मला म्हणाल्या, “मॅडम, यांनी मला तेवीस देवळं दाखवली. देव एकपण दाखवला न्हाई.”

असल्या माणसानं स्वतःचा खेळ काढला नसता तरच नवल. दोन वर्षं खपून त्यांनी एक खेळ तयार केला. नाव ठेवलं ‘बांध’. पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे, प्रत्येक तुकडा म्हणजे वावर. चौघांची वावरं एकमेकांना लागून मांडायची, मधून कॅनॉल. कापूस लावा, ऊस लावा, मोसंबी लावा, पाण्याची पाळी आली की पाणी घ्या. चांगला होता खेळ. मी तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर दर रविवारी मला त्यांच्या गावी जावं लागलं असतं. तरी जावं लागलंच.

हा खेळ त्यांनी पहिल्यांदा खेळून बघितला तो फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात. पठाण सर, मी आणि बाजारहून परतलेले दोन शेतकरी गडी म्हणून बसलो होतो. सर नुसते उभं राहून बघत होते. डाव रंगला. थोड्या वेळानं सरांच्या लक्षात आलं की मांडलेली वावरं वाकडी झाली आहेत. त्यांनी नीट केली. परत वाकडी. तेव्हा त्यांनी दबा धरला. शेजारच्या गड्यानं चहाचा कप तोंडाला लावला की एका शेतकऱ्याचं बोट हळूच पुढं यायचं आणि आपलं वावर बोटभर शेजारच्यात घुसवायचं. खेळात याला काही अर्थ नव्हता. वावर सरकवून एक बोंडही जास्त मिळणार नव्हतं.

“हे काय करून राह्यला तुम्ही?” सर ओरडले.

“कुठं काय सर? हात लागला.”

“तीनदा लागला!”

“मंग माती सरकतीच की थोडीफार,” तो शेतकरी शांतपणे म्हणाला. ज्याच्या वावरात घुसखोरी झाली होती तो दुसरा शेतकरी म्हणाला, “करू द्या त्याला, सर. मी पल्याडून मॅडमचं घेतलंय.” मी खाली बघितलं. खरंच माझी अर्धी मोसंबी गेली होती.

दुसरा कुणी असता तर खेळ गुंडाळला असता. सर तिथंच खुर्चीत बसले. मग त्यांनी वहीत नियम लिहिला: शेजाऱ्याची नजर नसेल तेव्हा आपलं वावर बोटभर सरकवता येईल. डाव संपेपर्यंत पचलं तर तेवढी जमीन आपली. पकडलं गेलं तर शेजारी ते तितकंच मागं सरकवेल. या एका नियमानं खेळाला जीव आला. त्या दिवसापासून चौघं गडी चार तास एकमेकांच्या बोटांकडे बघत बसायचे, आणि कुणी चहासुद्धा दोन्ही डोळे मिटून पीत नसे.

सर तो खेळ घेऊन पुण्याला गेले. तिथं अशा खेळवेड्यांचा एक मेळावा भरायचा, चांगला वाटलेला खेळ छापायला घेणारे लोकही यायचे. सरांनी बियाण्याच्या पिशवीत खेळ घातला, एसटीत मांडीवर घेऊन बसले. दोन दिवसांनी परत आले ते तोंड एवढंसं करून. स्टाफरूममध्ये मी विचारलं, काय झालं?

“मॅडम, चांगली पोरं होती. पाणी विचारलं, बसायला दिलं. नियम पण आवडले त्यांना. पण सरकवंना की कुणी!”

“म्हणजे?”

“दोन डाव झाले. एकानंपण बोट लावलं न्हाई. एक पोरगी तर दर फेरीला पट्टी घेऊन वावरं सरळ करून राह्यली. मला म्हणती, काका, हे हलतंय, याला खाली चिकटपट्टी लावा ना.” सरांनी चष्मा काढून पुसला. “पुण्याच्या लोकांना बांधच न्हाई, मॅडम. त्यांना बाल्कनी हाय.”

छापणाऱ्यांनी सांगितलं होतं की सरकवायचा नियम काढून टाका, मग विचार करू. सरांनी नियम काढला नाही. खेळ आला तसा पिशवीत बसून परत आला. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता, हे मी आज लिहितेय. त्या दिवशी मी फक्त, “बरं झालं, तेवढंच पुणं बघणं झालं,” असं काहीतरी म्हणाले होते.

त्याच उन्हाळ्यात भगवानदादाच्या मुलाचं लग्न ठरलं. पत्रिकेत काका म्हणून वायाळ सरांचं नाव छापलं होतं. ते सुमनवहिनी आणि त्यांची जाऊ या दोघींनी भिंतीवरून ठरवलं होतं. भावांचं बोलणं बंद असलं तरी जावांचं कधीच बंद नव्हतं, कोथिंबिरीपासून पत्रिकेपर्यंत सगळं त्या भिंतीवरून जायचं. पण आमच्याकडे नुसतं नाव छापून भागत नाही. सख्ख्या भावाला घरी येऊन, कुंकू-अक्षता देऊन तोंडानं म्हणावं लागतं. दादानं काय केलं, तर पहाटे पत्रिका सरांच्या दाराच्या कडीत अडकवली आणि निघून गेला.

“कडीला बोलवलंय त्यानं,” सर म्हणाले. “कडी जाईल लग्नाला. तोंडानं म्हणल्याबिगर मी मांडवात पाय ठेवणार न्हाई.”

पलीकडून निरोप आला, “मी थोरला हाय. मी का म्हणू?”

पोराच्या हळदीला चुलता नाही, म्हणजे गावभर चर्चा. सुमनवहिनींचा जीव पुतण्यात अडकलेला. त्यांना स्वतःला मूल नव्हतं, त्याला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलेलं. लग्नाला दहा दिवस उरले तेव्हा त्यांनी मला फोन केला. आवाज रडवेला. “मॅडम, रविवारी पठाण सरांना घेऊन या. यांना डाव मांडायला लावा. चौथ्याचं मी बघते.”

सरांना मी शेवटचं जवळून पाहिलं ते त्या रविवारी. नंतर माझी बदली आष्टीला झाली. दुपारची वेळ, कूलर खडखडत होता. सरांनी ‘बांध’ मांडला. चौथ्या जागेसमोर वावरं मांडून आम्ही उगाच वाट बघत बसलो. सुमनवहिनींनी भिंतीवरून हाक मारली, “भावजी, मांडवाच्या वाश्यांचं जरा इचारायचं व्हतं.” भगवानदादा आला. धोतर, टोपी, सरांचाच चेहरा, फक्त उन्हानं जास्त भाजलेला. आम्हाला बघून उंबऱ्यातच थांबला. पठाण सरांनी जागेवरून उठून हात धरून त्याला खाली बसवलं. “आओ दादा, बैठो. चौथा कमी हाय.” पठाण सरांना नाही म्हणता येत नाही, तसं त्यांनाही कुणी नाही म्हणत नाही.

वहिनींनी आम्हाला चहा आणून दिला, दादाचं वासे-बिसे सगळं राहिलं. सर माझ्याकडे बघून नियम सांगू लागले. मला ते पाठ होते, पण सरांना बघायला दुसरीकडे जागा नव्हती. “मॅडम, नियम सोप्पाय. हा बांध असतो...”

“पठाण सर,” दादा छताकडे बघत म्हणाला, “त्याहीला म्हणावं, बांध काय असतो ते आम्हाला शिकवू नगा.”

“मॅडम, सांगा की मी कुणाला शिकवून राह्यलो न्हाई.”

मी सांगितलं. पठाण सरांनी सांगितलं. असा डाव सुरू झाला. शेजारी शेजारी दोघं भाऊ, आणि त्यांच्या पाण्याच्या पाळ्या, कापूस, ऊस, सगळं आमच्या दोघांच्या तोंडून चाललेलं. दादा खेळाडू पक्का होता. फासे टाकताना मनगट अजून चल्लसचंच होतं. सर घामाघूम झाले. दोन फेऱ्यांनी दादाची मोसंबी सरांच्यापेक्षा जास्त झाली.

मग सरांनी चहाचा कप उचलला. दादाचं जाड, नख फुटलेलं बोट आपल्या वावरावर आलं आणि वावर सरांच्या हद्दीत गेलं. फार नाही, बोटभर. सरांनी कप खाली ठेवला. त्यांनी बघितलं होतं. त्यांनी आपलं बोट त्या तुकड्यावर ठेवलं आणि तो नियमाप्रमाणे मागं ढकलला. दादानं बोट काढलंच नव्हतं. त्यानं पुढं ढकलला. सरांनी मागं. पुठ्ठ्याचा एक तुकडा, त्यावर दोन म्हाताऱ्या भावांची दोन बोटं, आणि खोलीत कूलरचा आवाज.

“बोट काढ,” सर म्हणाले.

पठाण सरांनी माझ्याकडे बघितलं. हे मला उद्देशून नव्हतं.

“तू काढ,” दादा म्हणाला.

“नियमात बसत न्हाई हे. पकडलं की मागं घ्यायचं.”

“तुझ्या नियमाचं मला सांगू नगं, परभाकर. आबा असताना हीच लाइन व्हती.”

“आबा असताना? आबा असताना चिंचेच्या बुडापासून लाइन व्हती! मी स्वतः दोरी धरली व्हती!”

“दोरी मी धरली व्हती! तू शाळंत गेल्तास!”

मग चिंच निघाली, विहीर निघाली, दोन्ही मोजण्या निघाल्या, एका बैलाचं नाव निघालं जो वीस वर्षांपूर्वी मेला होता. अकरा वर्षांचं तुंबलेलं एकदम कॅनॉलला सुटलं. दोघंही उठून उभे राहिले, पण बोटं खाली तुकड्यावरच, त्यामुळे वाकून भांडत होते. शेजारचे लोक अंगणात जमू लागले. भिंतीपलीकडून जाऊ डोकावली. मला खरं सांगायचं तर इतकं बरं वाटत होतं की माझी पाळी कधीची आली होती हेही मी विसरले.

“अरे जा!” भगवानदादा गरजला. “येत्या रविवारी मांडवात ये तू! समद्या सोयऱ्यांदेखत दावतो तुला बांध कुठं व्हता ते!”

“येतो! बिलकुल येतो!” सर त्याच्या वरताण ओरडले. “हळदीपासून येतो! भेतो का काय तुला!”

सुमनवहिनी पदरानं डोळे पुसत माझ्या कानाशी आल्या. “मॅडम, ऐकलं न्हवं? तोंडानं बोलवलं त्याहीनं. तुम्ही अन् पठाण सर साक्षीला हाव.”